ओसरीवरची जागा

एकदा एका नदीकाठच्या गावी, श्रावणातल्या एका अगदी साध्या सकाळी, एका शिष्याला घरून फोन आला. त्या सकाळी वेगळे असे काही नव्हते. चहा होऊन गेला होता. खिडकीच्या गजाला कुणीतरी ओली छत्री अडकवली होती आणि तिच्या टोकातून पाणी ठिबकत होते. शिष्य संगणकासमोर बसून पुलापाशी असलेली नदीची पातळी पाहत होता. ती काल होती तिथेच होती.

"यदू," पलीकडून थोरली बहीण म्हणाली, "आईला दवाखान्यात ठेवलंय. तू ये."

"येतो ना अक्का. एवढा आठवडा जाऊ दे. इकडं पावसाचं जरा..."

"आठवड्याचं मला सांगता येत नाही," अक्का म्हणाली. "तू ये."

अक्का रागावली असती तर यदुनाथला बरे वाटले असते. ती रागावली की तिची समजूत कशी घालायची ते त्याला ठाऊक होते. पण तिचा आवाज शांत होता, म्हणून फोन बंद झाल्यावरही तो तसाच हातात धरून बसला.

यदुनाथ ज्या खोलीत बसला होता ते त्या गावाचे पूरसूचना केंद्र. चढावरच्या एका जुन्या कौलारू घरात ते चाले. तंत्रनिकेतनात आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गुरुजींनी ते उभे केले होते. गावातल्या मुलामुलींना ते तिथे संगणक शिकवत, पण त्यांची रीत निराळी होती. "सरावासाठी केलेला प्रोग्राम सरावापुरताच राहतो," असे ते म्हणत. "ज्याच्यावर कुणीतरी विसंबून आहे असं काहीतरी चालवा. विद्या तिथं अंगी लागते." म्हणून केंद्रातला तो एकच संगणक साऱ्यांची पाठशाळा होता. धरणातून किती पाणी सुटले, वरच्या पुलापाशी नदी कुठवर आली, हे आकडे त्याच्याकडे येत. पाणी ठरलेल्या खुणेला टेकले की सखल भागातल्या आणि खालच्या गावांतल्या प्रत्येक फोनवर संदेश जाई. मग लोक जनावरे सोडत, सामान माळ्यावर चढवत, म्हाताऱ्यांना हलवत.

यदुनाथ हा गुरुजींचा सर्वांत हुशार शिष्य. संदेश पाठवणारा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. कुठे काही अडले की बाकीची मुले आधी त्याच्या तोंडाकडे पाहत आणि मग पडद्याकडे. नदीच्या गल्लीत गुळाचे गोदाम असलेला एक व्यापारी होता. तो येता-जाता चारचौघांत म्हणे, "धरणाचं दार उघडलं की पाण्याच्या आधी ह्या पोराचा मेसेज येतो. हा हाय म्हणून आम्ही झोपतो." हे वाक्य यदुनाथ ऐकून न ऐकल्यासारखे करी. खरे म्हणजे त्या वाक्यावर तो पावसाळेच्या पावसाळे काढत होता. मागच्या वर्षी आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा तो गेला नव्हता. "आई, मी नसलो तर इथं अडतं गं," असे त्याने फोनवर सांगितले होते, आणि आईला त्याचा अभिमानच वाटला होता.

केंद्रात एक रिवाज होता आणि त्याची यदुनाथला लाज वाटे. दर अमावस्येला गुरुजी उठत, भिंतीवरचे बटण बंद करत, मग वाकून टेबलाखालच्या बॅटरीचेही बटण बंद करत आणि चालता संगणक मुका करून टाकत. "ज्याला सगळ्यात जास्त येतं त्यानं ओसरीवर बसायचं," असे ते म्हणत. यदुनाथ मुकाट्याने बाहेर जाऊन बसे आणि आत बाकीची मुले सारे पुन्हा उभे करत. गावात याची थट्टा होई. "सर, एवढं करताय तर नारळ पण फोडा की," व्यापारी म्हणे. "लिंबू-मिरची मी देतो पाठवून."

एकदा यदुनाथने धीर करून विचारले होते, "सर, अमावस्याच का? लोक काहीबाही बोलतात."

"महिन्याची पहिली तारीख मी विसरेन, तूही विसरशील," गुरुजी म्हणाले होते. "अमावस्या मात्र कुणी विसरू देत नाही. आज प्रवास नको, आज केस कापू नको, असं घरातलं कुणीतरी बजावतंच. आयती आठवण आहे. आपण ती आपल्या कामाला लावली."

ओसरीवर बसणे यदुनाथच्या जिवावर येई. जे तो डोळे मिटून करू शकला असता त्यासाठी आत मुले चाचपडत असत आणि ते त्याला बाहेर ऐकू येत असे. न राहवून तो खिडकीतून हळूच काहीतरी सुचवी. मग गुरुजी उठून खिडकी लावून घेत. शेवटी एक हाक मात्र आतून येई. संदेश पाठवणाऱ्या सेवेत शिरताना ओटीपी लागे आणि तो यदुनाथच्या मोबाइलवर येई, कारण ती सेवा सुरू केली त्या दिवशी त्याने घाईघाईत आपलाच नंबर टाकला होता. तो ओसरीवरून आकडे मोठ्याने वाची, आत काम पुरे होई आणि सगळे भडंग खायला बसत. ते आकडे वाचणे हीदेखील मदतच आहे, असे कुणाच्या मनात आले नव्हते. गुरुजींच्याही नाही.

तर त्या सकाळी यदुनाथ उठून गुरुजींजवळ गेला.

"सर, घरून फोन होता. आईला ॲडमिट केलंय."

"मग अजून इथं काय करतोयस?"

"धरण भरत आलंय सर. आज-उद्या दार उघडतील. मी गेलो आणि पाणी आलं तर..." त्याने पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या शमीम आणि महावीर या दोघांकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "ह्यांना नाही जमायचं."

"ऐकू येतंय हं, यदूदादा," शमीम मान वर न करता म्हणाली.

खिडकीतली ती छत्री गुळाच्या व्यापाऱ्याची होती. तो पातळी विचारायला आला होता आणि बाकावर बसून पाय वाळवत होता. तो म्हणाला, "तसं पोराचं पण खरं हाय सर. आईचं बघायलाच पायजे, त्यात काय वाद नाही. पण हा तिकडं आणि पाणी इकडं, म्हणजे आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

गुरुजींनी दोघांचेही ऐकून घेतले. मग विचारले, "यदू, एसटी कितीला आहे तुझी?"

"जेवणाच्या वेळेला एक आहे."

"म्हणजे वेळ आहे." असे म्हणून गुरुजी उठले आणि त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बॅटरीचेही बंद केले. पंख्यासारखा येणारा तो बारीक आवाज थांबला. खोलीत एकाएकी पावसाचा आवाज मोठा झाला.

"अहो सर!" व्यापारी बाकावरून उठलाच. "आज अमावस्या न्हाई! पंचमी हाय, पंचमी! नागाला दूध ठेवून आलोय मी सकाळी."

यदुनाथचा चेहरा उतरला. "सर, धरण भरत आलंय. आज नको. आज हे काय..."

"पाणी आत्ता खाली आहे," गुरुजी म्हणाले. "म्हणूनच आज, आणि आत्ताच. ज्याला सगळ्यात जास्त येतं त्यानं ओसरीवर बसायचं."

आपल्या आईला दवाखान्यात ठेवले आहे आणि हे म्हातारे गृहस्थ आपल्याला ओसरीवर बसवत आहेत, याचा यदुनाथला पहिल्यानेच राग आला. पण गुरुजींच्या शब्दाबाहेर जायची त्याला सवय नव्हती. तो बाहेर जाऊन बसला. व्यापारीही त्याच्या शेजारी येऊन बसला. आत काय चालले आहे हे पाहण्यापेक्षा ऐकणे त्याला सोसण्यासारखे वाटले असावे. गुरुजी उंबरठ्यावर खुर्ची घेऊन बसले, असे की त्यांना आतलेही दिसावे आणि बाहेरचेही.

आत संगणक पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने महावीरचा आवाज आला. "शमीम, हे बघ. 'पाठव', 'पाठव नवा', 'पाठव शेवटचा', 'पाठव शेवटचा खरा'. ह्यातला कुठला?"

"शेवटचा खरा असेल."

"मग शेवटचा खोटा कुठला?"

व्यापारी खो खो हसला. यदुनाथ कानापर्यंत लाल झाला. अमावस्येनंतर त्याने फायलींची नावे बदलली होती आणि आता 'पाठव नवा' हाच प्रोग्राम चालतो, हे त्याला पाठ होते. बाकीचे तीन त्याने पुसायचे म्हणून ठेवले होते. तो उठू लागला तेव्हा गुरुजींनी नुसते पाहिले आणि तो पुन्हा बसला.

"थांब," आत शमीम म्हणत होती, "नावावर नको जाऊस. शेवटचा बदल कशात झालाय ते बघू. तारीख दिसते ना? हा 'नवा' परवाच बदललाय. बाकीचे उन्हाळ्यातले आहेत. हाच असणार." मग तिने तो सुरू केला. पातळीचे आकडे पुन्हा येऊ लागल्याचे महावीरने मोठ्याने सांगितले. यदुनाथला आश्चर्य वाटले. आपण शिकवलेले नसताना हिने हे कसे ओळखले, असे त्याच्या मनात आले, आणि लगेच असेही आले की शिकवलेले नव्हते म्हणूनच तिला शोधावे लागले.

तेवढ्यात त्याच्या खिशात मोबाइल वाजला. अक्काचा असेल म्हणून त्याने घाईने काढला. तो ओटीपी होता.

"दादा, ओटीपी आला का?" आतून हाक आली.

यदुनाथने वाचायला तोंड उघडले. गुरुजींनी हात वर केला.

"यदू इथं नाही," ते आतल्या मुलांना म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "तो दवाखान्यात आहे. आईजवळ बसलाय. फोन त्याच्या पिशवीत आहे आणि त्या वॉर्डात रेंज नाही. आता काय कराल?"

ओसरीवर यदुनाथ हातातल्या आकड्यांकडे पाहत राहिला. पन्हळीतून पाणी पडत होते. पाहता पाहता वेळ निघून गेली आणि तो आकडा निकामी झाला.

"मग मेसेज जाणारच नाही सर," महावीर शेवटी म्हणाला. "बाकी सगळं चालू आहे. पण जाणार नाही."

व्यापारी यदुनाथकडे वळून म्हणाला, "म्हणजे आमच्या सगळ्यांच्या झोपेची किल्ली तुझ्या एकट्याच्या खिशात होय रे? आणि मी आपलं कौतुक करत हिंडतोय!"

यदुनाथला वाटले, हा खेळ असता तर बरे झाले असते. खालच्या गल्लीतली घरे त्याला नावानिशी ठाऊक होती. सुतारांची अंथरुणाला खिळलेली आजी होती. विहिरीजवळच्या घरात नुकतीच बाळंतीण आली होती. तो खरेच त्या वॉर्डात असता, पिशवीत फोन असता आणि नदीचे पाणी त्यांच्या उंबऱ्यापाशी आले असते. आईजवळ बसणे किंवा ह्या लोकांना सावध करणे, दोहोंपैकी एकाला तो मुकला असता. आणि आजवर तो ज्याला आपली निष्ठा समजत होता त्याच गोष्टीने हे केले असते.

"सर," तो म्हणाला, "हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"माझ्याही आलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "इतक्या अमावस्या गेल्या, तू इथून आकडे वाचलेस आणि मी भडंग खाल्लं." ते उठून त्याच्याजवळ ओसरीवर येऊन बसले. मग ते बोलले, ते असे:

"यदू, तू चांगलं काम करतोस हे मला माहीत आहे. पण तू समोर असताना जे चालतं, त्यात तुझं काम किती आणि तुझी हजेरी किती, हे सांगायला काही मार्ग नसतो. तुलाही नाही आणि मलाही नाही. दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात. म्हणून मी बटण बंद करतो आणि तुला बाहेर बसवतो. तू बाहेर असताना आत जे उभं राहतं, तेवढं तुझं काम. जे अडतं, ते अजून व्हायचं आहे. त्यात कमीपणा काही नाही. पण 'माझ्यावाचून अडतं' हे भूषण नव्हे रे. ती अपुऱ्या राहिलेल्या कामाची खूण आहे. यंत्र बंद पडतं, वीज जाते, माणसालाही कुठंतरी जावं लागतं. आज तुला जायचं आहे. तू मोकळ्या मनानं जावंस म्हणून तुला आधी ओसरीवर बसवलं."

यदुनाथ आत गेला. पण खुर्चीत बसला नाही, शमीमच्या मागे उभा राहिला. सेवेत नोंदवलेला नंबर बदलायचा होता. केंद्रात टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेला एक जुना फोन होता. धरणावरचे लोक त्यावर फोन करत. त्याचा नंबर शमीमने टाकला. बदल करण्यासाठी एक शेवटचा ओटीपी जुन्या नंबरावर यावा लागे. तो आला. यदुनाथने तो वाचून दाखवला. आजवर त्याने असे कितीतरी आकडे वाचले असतील, पण हे वाचताना त्याला खांद्यावरून पाण्याची घागर उतरवल्यासारखे वाटले.

"ते बाकीचे तीन पुसू का?" महावीरने विचारले. "शेवटचा, शेवटचा खरा वगैरे?"

"पूस."

"नक्की? का एखादा अगदीच खरा आहे?"

"पूस रे बाबा."

गुरुजींनी पुन्हा बटण बंद केले. यदुनाथ कुणी न सांगता ओसरीवर जाऊन बसला. या वेळी त्याच्या खिशात काही वाजले नाही. आत सुतळीने बांधलेला फोन वाजला, शमीमने आकडे वाचले, आणि गुरुजींच्या व व्यापाऱ्याच्या फोनवर चाचणीचा संदेश आला. व्यापाऱ्याने तो दोनदा वाचला, मग छत्री उचलली आणि म्हणाला, "चल. स्टँडवर सोडतो. स्कूटरवर मागं बस आणि छत्री तू धर, पावसात मला दिसत न्हाई."

निघताना यदुनाथ म्हणाला, "सर, मी रोज फोन करून विचारत जाईन."

"नको," गुरुजी म्हणाले. "अडलं तर आम्ही करू."

*

आई काही दिवस दवाखान्यात होती. मग डॉक्टरांनी अक्काला बाजूला बोलावून, आता घरी न्या, असे सांगितले. का, ते कुणी विचारले नाही. घर खालच्या अंगाला, त्याच नदीच्या काठच्या एका लहान गावात होते. स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत आईची खाट टाकली, कारण तिला तिथून चुलीकडचे ऐकू येई. अक्का शाळेत शिकवत होती, तिला दिवसभर जावे लागे. म्हणून दुपारचे यदुनाथच पाही.

एके दिवशी आई म्हणाली, "शेंगोळे खावेसे वाटतात."

"अक्का आली की सांगतो."

"अक्काला येतात. तुला येत नाहीत. तू कर."

यदुनाथने शेंगोळ्यांच्या वळ्या करायला परातीत हुलग्याचे पीठ घेतले. "पाणी किती घालू?"

"पीठ मागंल तेवढं."

"आई, मागंल तेवढं म्हणजे किती? वाटीनं सांग."

"वाटीला काय कळतंय? हाताला कळतंय," खाटेवरून आई म्हणाली. तिला उठता येत नव्हते, आणि आपण उठून गेलो तर दोन मिनिटांत होईल हेही तिला कळत होते. परातीचा आवाज ऐकून ती सांगे, "सैल झालं. पीठ लाव." "आता हाताला चिकटतंय ना? तेलाचं बोट लाव." यदुनाथला वाटले, आपली आई आज ओसरीवर बसली आहे. ती न चिडता बसली आहे. आपल्याला इतकी वर्षे ते जमले नव्हते.

पहिल्या दिवशी शेंगोळे उकळीत फुटले आणि त्यांचे पिठले झाले. "छान झालंय," आई म्हणाली. "फक्त शेंगोळे न्हाईत." दुसऱ्या दिवशी पुष्कळसे राहिले. पुढे एक दिवस असा आला की आईने खाटेवरून काहीच सांगितले नाही. त्याला वाटले तिला झोप लागली. डोकावून पाहिले तर ती जागी होती आणि छताकडे पाहून हसत होती.

अशाच एका दुपारी परातीत हात असताना त्याचा फोन वाजला. कोरड्या बोटाने त्याने पाहिले. केंद्राचा संदेश होता. धरणाचे दरवाजे उघडले आहेत, संध्याकाळपर्यंत पाणी काठावर येईल, जनावरे व सामान वर हलवावे. खाली एक ओळ नवी होती. 'वेळ पुरेसा आहे, घाबरू नका.' ती त्याने लिहिलेली नव्हती. इतकी वर्षे संदेश पाठवताना त्याला ती सुचली नव्हती. शमीमची असावी.

आपण लिहिलेला संदेश आपल्याला येताना तो पहिल्यानेच पाहत होता. त्याने फोन लावण्यासाठी गुरुजींचे नाव काढले. मग क्षणभर थांबून फोन पालथा ठेवला.

"कोण रे?" आईने विचारले.

"केंद्र."

"बोलावतायत?"

"नाही," यदुनाथ म्हणाला. "कळवतायत."

बाहेर गल्लीत लोक एकमेकांना हाका मारत होते. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी चढाकडे निघाल्या होत्या. यदुनाथने हात धुतले आणि शेजारच्या काकांना त्यांची धान्याची कोठी उचलून दिली. परत येऊन परात पुढे ओढली. त्या दिवशी पाणी मारुतीच्या पारापर्यंत आले आणि उतरले. कुणाचे काही गेले नाही.

आई श्रावण संपता संपता गेली. अक्का आणि यदुनाथ दोघेही जवळ होते.

*

सारे विधी आटोपून यदुनाथ केंद्रात परतला तेव्हा भाद्रपद अर्धा सरला होता. मग सर्वपित्री अमावस्या आली. आईचे वर्ष व्हायचे होते, म्हणून घरी त्या दिवशी काही करायचे नव्हते. तो केंद्रात आला, आणि गुरुजी उठण्याआधी त्यानेच बटण बंद केले, वाकून खालचेही बंद केले आणि ओसरीवर जाऊन बसला. त्याने सोबत एक डबा आणला होता.

गुळाचा व्यापारी पायऱ्या चढून आला. "काय यदू, तू बाहेर? आत कोण हाय मग?"

"शमीम आणि महावीर."

"आणि तू?"

"आत माझं काही काम नाही शेठ," यदुनाथ म्हणाला, आणि हे सांगताना आपल्याला बरे वाटते आहे याचे त्याला नवल वाटले. "बसा. पाऊस नाही, काही नाही. बसा निवांत."

आत सुतळीचा फोन वाजला. शमीमने आकडे वाचले. कुणी हाक मारली नाही. गुरुजी बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसले. यदुनाथने डबा उघडला.

"कुणी केलेत?" गुरुजींनी विचारले.

"मी."

गुरुजींनी एक शेंगोळा खाल्ला, मग दुसरा. "आईनं शिकवले?"

"खाटेवरून," यदुनाथ म्हणाला. "तिनं हात नाही लावला."

गुरुजींनी मान डोलावली. समोर नदीचे पाणी आता खूप खाली गेले होते. आत मुलांनी खुर्च्या सरकवल्या आणि महावीर डब्याच्या वासाने बाहेर आला.

ज्याला जे येते ते त्याने आपण असतानाच दुसऱ्याच्या हातात द्यावे. मग जाणाऱ्याला मोकळे जाता येते आणि राहणाऱ्याला पुढे चालवता येते. यदुनाथने पुढे पुष्कळ मुलांना शिकवले, आणि दर अमावस्येला तो ओसरीवरच असे. शेंगोळे आता महावीरलाही येतात.

माईनमुळे, ती लोणच्याची मुळे, थंडीत बाजारात येतात. त्यांचे लोणचे यदुनाथच्या आईसारखे कुणाला जमत नसे. आई थंडीआधीच गेली, म्हणून ते तेवढे शिकायचे राहिले.